मेटावर ठेवलेला पाय

गुंडानं पट्टे सोडले, आपला लाकडी पाय काढला आणि मेटावरच्या मधल्या ओंडक्यावर ठेवला. पायाचा वरचा कातडी पट्टा उसवला होता. मग तो भिंतीला टेकून बसला. आता कुणीतरी पाय उचलेल, उलटासुलटा करून बघेल, "काय रं, नाचतोस का काय ह्याच्यावर?" म्हणून चेष्टा करेल आणि कामाला लागेल. दर मोड्याला हेच व्हायचं.

त्या बेस्तरवारी कुणी पाय उचललाच नाही.

नानासो खुरप्याला मूठ बसवत होता, तो बसवतच राहिला. लालासाहेबानं तंबाखू मळली, सगळ्यांपुढं हात धरला आणि गुंडापाशी आल्यावर मागं घेतला. आणि जोतिबा सुतार, ज्यानं तो पाय घडवला होता, तो रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही. गुंडाला सगळ्यात जास्त हे लागलं.

आता कुणी म्हणेल, पाय उचलला नाही म्हणून एवढं काय आभाळ कोसळलं? म्हणा, बाबांनो. पण आधी मोडा काय आणि मेट काय, ते ऐकून घ्या.

खोलेवाडी हे कुंडलच्या खालच्या अंगाचं गाव. आठवड्यातला एक दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, तो मोडा. खोलेवाडीचा मोडा बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी. त्या दिवशी आपल्या औताला हात लावायचा नाही, अशी वाडवडलांची रीत. पण बैल बसले तरी माणसानं काय करायचं? घरात बसावं तर बायका जात्याला टाकी लावून आणायला सांगणार, पारावर बसावं तर बांधावरची भांडणं निघणार. तेव्हा नानासोच्या कुणा पणज्यानं म्हणे तोड काढली. आपल्या औताला हात लावायचा नाही ना? मग दुसऱ्याच्या लावू की! तेव्हापासून मोड्याला सुताराच्या घरामागच्या छपरात, म्हणजे मेटावर, गडी जमायचे. ज्यानं त्यानं आपली मोडकी वस्तू आणून मधल्या ओंडक्यावर ठेवायची. ती नीट करणार दुसरा. आपल्या वस्तूला आपण बोटसुद्धा लावायचं नाही. आणि नीट करणाऱ्यानं कशी का करेना, नावं ठेवायची, शिव्या घालायच्या, पण वापरायची तशीच. लालासाहेबानं बसवलेला दांडा हमखास तिरका. गावातली निम्मी खोरी त्या तिरक्या दांड्यांनी चालायची आणि लालासाहेब छाती काढून म्हणायचा, "माझ्या हातची वळख हाय ती."

गुंडा लढाईवरनं परत आला तो त्रेचाळीस साली, गुडघ्याखालचा डावा पाय आफ्रिकेच्या वाळूत ठेवून. दोन काखेत दोन कुबड्या. तालमीतला गडी, गदालोट करणारा, आणि आता परसाकडं जायलाही बायकोचा खांदा लागायचा. त्यानं बोलणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडायचा. भाकरी थंड का म्हणून एकदा ताट भिरकावलं, ते बनुबाईच्या कपाळाला लागलं. त्यानंतर तिला त्याच्यापुढं ताट ठेवायचीसुद्धा भीती वाटायची. लोक भेटायला यायचे, "देवाला काळजी" म्हणायचे, चहा प्यायचे आणि जायचे. देवाला काळजी असती तर पाय कशाला गेला असता, हे गुंडा मनात म्हणायचा आणि पुन्हा भिंतीकडं वळायचा.

जोतिबानं मात्र चौकशी केली नाही. एका मोड्याला आला, गुंडाला पाठुंगळी मारलं आणि थेट मेटावर नेऊन टाकलं. "आरं सोड, आरं सोड" म्हणून गुंडा त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होता. जोतिबानं त्याच्यापुढं खुंट्या टाकल्या. "ह्या तासून दे. नानाच्या पाभरीच्या हायत. पाय लागत न्हाई त्याला."

पहिल्या मोड्याला गुंडा शब्द बोलला नाही, पण खुंट्या तासल्या. पुढच्याला लालासाहेबाचा तिरका दांडा बघून त्याला हसू फुटलं, आणि हसतोय हे कळल्यावर तो स्वतःच दचकला. मग हळूहळू बोलायला लागला. कामात हात गुंतला की माणसाचं तोंड आपोआप सुटतं. समोरचा आपल्या डोळ्यांत बघत नसतो, त्याची नजर त्याच्या कामावर असते, म्हणून सांगायला सोपं जातं. घरात बायकोला जे सांगता आलं नाही, ते गुंडानं खुंट्या तासता तासता सांगितलं. तोफा, वाळू, शेजारी पडलेला सोबती, सगळं. नानासो अधूनमधून "हं" म्हणायचा. कुणी "देवाला काळजी" म्हटलं नाही. कुणी उठून गेलंही नाही.

आणि एका मोड्याला मधल्या ओंडक्यावर तो पाय ठेवलेला. खोबण जोतिबानं शिवणीच्या लाकडाची कोरलेली, हलकी आणि गुळगुळीत. पट्टे नानासोच्या जुन्या मोटेच्या कातड्याचे. आत मऊ लागावं म्हणून लालासाहेबानं आईच्या घोंगड्याचा तुकडा कापून आणलेला. म्हातारी त्याला आठवडाभर शिव्या घालत होती. आणि खाली जमिनीला टेकायची लोखंडी टोपी, ती मेटावरच्याच केरबानं गाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचं लोखंड ठोकून केलेली.

"मोडकी वस्तू तू आणली न्हाईस," नानासो म्हणाला, "म्हणून आमीच नीट करून ठेवली."

गुंडा भोकाड पसरून रडला. लष्करातला गडी, पण तिथं त्याला लाज वाटली नाही. त्या दिवशी तो आपल्या पायानं चालत घरी गेला. बनुबाई दारात उभी. तिनं तोंडाला पदर लावला, आणि मग रडू नये म्हणून काहीतरी बोलायचं ते बोलली, "आवं, आज कुणाचं नीट केलंसा?" तेव्हापासून दर बेस्तरवारी तो आला की ती हेच विचारायची. त्यानं नानाचं जू किंवा लालासाहेबाचा पाटा सांगायचा आणि जेवायला बसायचं. ताटाची भीती त्या घरातनं कधी गेली ते दोघांनाही कळलं नाही.

आता केरबाचं. बेचाळीसच्या चळवळीत तो सरकारविरुद्ध उभा राहिला, त्याच्यावर पकडवॉरंट निघालं आणि तो रानात गेला. कधी उसात, कधी डोंगरात. घराकडं फिरकायची सोय नव्हती, तिथं पाळत होती. पण मोड्याला तो मेटावर यायचाच. ओढ्यानं वर येऊन कुडातनं आत शिरायचा, कुणाचीतरी मोडकी वस्तू मांडीवर घ्यायचा आणि दिवस मावळला की जायचा.

"कशाला जीव धोक्यात घालतोस?" गुंडानं त्याला एकदा विचारलं.

"गड्या, रानात एकटं बसून बसून याड लागंल मला," केरबा म्हणाला. "हितं चार शिव्या खाल्ल्या की आठ दिस निभतं."

हे गुंडाला जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. मेटावरचं मेटावर, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्याच्या तोंडाला जोतिबाचा धाकटा भाऊ भाऊसो सांगलीत चळवळीची पत्रकं वाटताना सापडला आणि तिथल्याच तुरुंगात गेला. जोतिबाच्या आईनं अन्न सोडलं. जोतिबा भाकरी बांधून सांगलीला खेपा घालायला लागला. गुंडा त्याच्या गोठ्याकडं बघायचा, त्याच्या म्हातारीला दोन घास खायला लावायचा. मित्र म्हणजे दुसरं काय असतं?

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला आणि गुंडाला पेन्शनसाठी पाय दाखवायला साताऱ्याला जावं लागलं. तो मोड्याच्या आदल्या दिवशी निघाला. तिथं डॉक्टर साहेब दौऱ्यावर. आज ये, उद्या ये करत बेंदूरही साताऱ्यातच गेला. आपल्या बैलांची शिंगं रंगवली का, मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं होता, असलं मनात घोळवत तो बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सांजेला, गावात उतरला. वेशीत बायका होत्या, त्या त्याला बघून गप्प झाल्या.

त्या दुपारी पोलिसांनी मेटाला वेढा घातला होता. केरबा सापडला. लाकडाच्या भुग्यात त्याला पालथा पाडून हातकड्या घातल्या. हातात नानासोचं मोडकं जू होतं, ते तसंच पडलं.

लालासाहेबाची जीभ पहिल्यापासून सैल. तो पारावर उभा राहून म्हणाला, "साताऱ्याला कोण गेलं हुतं? सरकारची पेन्शन कोण खातंय? खाल्ल्या मिठाला जागला लेकाचा!" बोलायची देरी, गावानं ते खरं धरलं. पकडलेल्या माणसाची आई दारात ऊर बडवत असली की गावाला कुणीतरी एक लागतोच. भाऊसो रविवारी पुराव्याअभावी सुटून आला, जोतिबाच्या आईनं घरोघर साखर वाटली, गुंडाच्या घरी मात्र आली नाही. गुंडाला तेही समजत होतं. पण त्याच्या मनात एक आशा होती: मोडा येऊ दे. पाय ओंडक्यावर ठेवतो. मला ओळखणारी माणसं तिथं बसतात. ती पाय उचलतील, बघा.

तर तो असा ठेवलेला पाय होता. आणि कुणी उचलला नाही.

दिवस मावळेतो गुंडा बसला. मग उसवलेला पाय तसाच चढवला आणि दर पावलाला लचकत घरी आला. बनुबाईनं त्या दिवशी काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि समोर बसली.

"त्येंच्या तोंडाला काळं लागो," ती म्हणाली. "आन मला सांगा, तुमी तर साताऱ्याला. ही माणसं शुक्रवारी मेटावर बसणार हुती हे तुमाला तरी कुठं ठावं हुतं? मला बी न्हाई. बेंदूर बेस्तरवारी आला, म्हणजे ह्या खेपेला मेट बंद, असंच मी धरून चाललेली. करीला ठोकाठोकी ऐकू आली तवा मीच चाट पडले."

गुंडाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. खरंच की! बेंदराच्या दिवशी मिरवणूक सोडून मेटावर कोण बसणार? तोही साताऱ्यात हेच धरून होता, या आठवड्याचा मोडा गेला. मग त्याऐवजी करीला बसायचं हे ठरलं कधी? आदल्या मोड्याला, मेटावरच ठरलं असणार, केरबासकट सगळे एकत्र भेटतात ते तेव्हाच. आणि त्या मोड्याला गुंडा तिथं नव्हताच. जे आपल्यालाच ठाऊक नाही ते पोलिसांना काय सांगणार, कपाळ?

"सुटलो गं!" म्हणून तो उभा राहिला. आत्ता जातो, नानासोच्या दारात उभा राहून सांगतो.

पण उंबऱ्यापर्यंत जातोय तोच त्याचं पाऊल अडलं. मग सांगितलं कुणी? त्या मोड्याला तिथं चौघं होते. केरबा स्वतः. नानासो, जो बेंदराच्या धामधुमीत गाव सोडून हलला नाही. लालासाहेब, त्याचं तसंच. आणि जोतिबा. जोतिबा मधल्या दिवसांत सांगलीला भाकरी घेऊन गेला होता. आणि भाऊसो रविवारी सुटला होता. पुराव्याअभावी.

गुंडा उंबऱ्यातच बसला. पाठुंगळी मारून नेलेली ती पाठ त्याला आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जोतिबाला ओढ्यावर गाठलं. जोतिबा लाकूड पाण्यात भिजवत होता. गुंडाचं तोंड बघितलं आणि त्याच्या हातातनं लाकूड सुटलं. काही विचारायलाच लागलं नाही.

"धा वर्सं आत टाकतो म्हणाला फौजदार," जोतिबा म्हणाला. "भाऊसो पोर हाय रं अजून. आई मरत हुती. मी काय करू?"

"त्ये मला येऊन बोलायचं हुतंस. आपुन चौघांनी मिळून कायतरी काढलं असतं," गुंडा म्हणाला. "बरं, केलंस. भावासाठी केलंस. पण माझं नाव? त्ये का पसरू दिलंस?"

"मी न्हाई घेतलं तुझं नाव. लालासाहेबानं घेतलं. मी निस्ता गप बसलो."

"गप बसलास व्हय?"

"तुला काय हुतंय गुंडा? तू लष्करातला. तुझ्या अंगाला कोण हात लावणार न्हाई. माझं कळलं तर चळवळीतली रानातली पोरं मला उभा सोडायची न्हाईत. चार दिस जातील, लोकं इसरतील. तू बी गप ऱ्हा." मग तो जरा जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "त्यो पाय मी दिलाय तुला. त्याची तरी याद ठेव."

अरे, काय हे बोलणं! गुंडाला तोफेचा गोळा लागला तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. तेव्हा मारणारा परका होता. त्याला वाटलं होतं, हा पाय मायेनं दिलाय. आणि आज हा माणूस त्या पायाची किंमत मागत होता. गुंडा वळला आणि लचकत निघून गेला.

पुढचा बेस्तरवार येईतो तो कुणाशी बोलला नाही. बनुबाई घाबरली, पुन्हा भिंतीकडं वळतोय की काय म्हणून. पण तो भिंतीकडं वळला नाही. सगळं सांगावं तर जोतिबाच्या जिवावर बेतणार. न सांगावं तर आपण जन्मभर केरबाचा वैरी. आणि त्याहून एक गोष्ट त्याला आत कुरतडत होती. तो त्या पायावर उभा होता. उभं राहून जोतिबाविरुद्ध बोलायचं तर जोतिबाच्याच लाकडावर उभं राहून बोलायचं? तेवढं त्याच्यानं होईना.

मोड्याच्या दिवशी त्यानं माळ्यावरच्या कुबड्या खाली काढल्या, पाय खांद्याला बांधला आणि मेटावर गेला. छपरात तिघंच होते. नानासो, लालासाहेब, जोतिबा. ठोकाठोकी थांबली.

गुंडानं पाय ओंडक्यावर ठेवला. मग स्वतःच खाली बसला, जोतिबाच्या हत्यारांतली पकड उचलली आणि पट्ट्याचा खिळा उपसायला लागला.

"आरं, आरं!" नानासो म्हणाला. दोन आठवड्यांत तो पहिल्यांदाच गुंडाशी बोलत होता. "आज मोडा हाय. आपल्या वस्तूला आपुन हात लावू नये."

"माझी कुठं हाय ही नाना?" गुंडा म्हणाला. "तुमा चौघांची हाय. ज्याची त्याला देतोय."

त्यानं मोटेचे पट्टे सोडवले आणि नानासोच्या मांडीवर ठेवले. खोबणीतला घोंगड्याचा तुकडा ओढून काढला, तो लालासाहेबापुढं टाकला. मग गुंडानं पाय उलटा धरला, खिळे काढले आणि लोखंडी टोपी ठोकून ठोकून सुटी केली. ती त्यानं कुणाला दिली नाही. मुठीत धरली. राहिलं नुसतं शिवणीचं लाकूड. ते त्यानं जोतिबाच्या पायाशी ठेवलं.

"घे तुझं. आता तुझं माझ्याकडं कायबी राह्यलं न्हाई."

जोतिबानं डोळे मिटून घेतले. गुंडा कुबड्यांवर उभा राहिला. दोन पावलं गेला आणि मागं न वळताच विचारलं, "नाना, करीला मेटावर बसायचं कवा ठरलं हुतं?"

"कवा म्हणजे? आदल्या मोड्याला. हितंच. तू कुठं हुतास त्या दिवशी? तू तर साताऱ्याला..." नानासो बोलता बोलता थांबला.

गुंडा थांबला नाही. वाटेवर त्याच्या कुबड्यांचा आवाज होत राहिला आणि मागनं लालासाहेबाचा आवाज आला. त्या आवाजात नेहमीचा दणका नव्हता. "जोतिबा, सांगलीला तू कवा गेलतास रं?"

जोतिबाचं उत्तर ऐकू आलं नाही. मग नानासोची हाक आली. "गुंडा! आरं गुंडा, मागं ये! चुकलं आमचं, लय चुकलं, ये बाबा!" म्हातारा धावत छपराबाहेर आला असावा, कारण हाक जवळ आली होती. एक आठवड्यापूर्वी ती हाक आली असती तर गुंडा एका पायानं उड्या मारत गेला असता. आता त्याला वळावंसंच वाटेना. जोतिबानं विकलं ते निदान भावासाठी, पण या दोघांनी तर फुकट विकलं होतं. तो चालत राहिला.

दारात बनुबाई होती. तिनं रिकामा खांदा बघितला, माळ्यावर टाकलेल्या कुबड्या पुन्हा काखेत बघितल्या. मग सवयीनं तोंडातनं तेच गेलं.

"आवं, आज कुणाचं नीट केलंसा?"

गुंडानं मूठ उघडली. टोपीच्या कडेनं तळहात कापला होता, त्याला रक्त लागलं होतं.

"ही केरबाची हाय," तो म्हणाला. "पुसून दिवळीत ठेव. सुटून आला की त्याची त्याला द्यायची."